पिढीने आजोबा

शौतिएन आणि मी एकाच वर्षी जन्मलो, शाळेत एकाच बाकावर बसलो, आणि जन्मभर मी त्याला आजोबा म्हणत आलो. तोंडावर अहो-जाहो, मनात अरे-तुरे.

आमच्या गावात सगळी घरं लुआन आडनावाची. मूळ पुरुष एकच. त्यामुळे कोण कोणाचा कोण लागतो हे वयावर ठरत नाही, त्या मूळ पुरुषापासून तुम्ही कितव्या पायरीवर आहात त्यावर ठरतं. शौतिएन माझ्या दोन पायऱ्या वर. माझे वडील त्याला काका म्हणायचे, आणि तेव्हा त्यांच्या हनुवटीवर एक केस काळा राहिला नव्हता.

हे गरिबीमुळे होतं. पैसेवाल्यांच्या घरात पोरांची लग्नं लवकर, पोरंबाळं लवकर, नातवंडं लवकर, पिढ्या नुसत्या धावत सुटतात. शौतिएनच्या घरात पोराला बायको मिळेपर्यंत चाळिशी उलटायची. त्याचा बाप तर पन्नाशीत बाप झाला. त्यांच्या पिढ्या मागे रेंगाळल्या आणि गावातलं सगळ्यात फाटकं घर सगळ्यात वडीलधारं होऊन बसलं.

माझा चुलतभाऊ वेनचांगदादा जुनी गोष्ट सांगायचा. गावात एक लुआन जमीनदार होता. आख्खा तालुका त्याला 'लाओ-ये' म्हणायचा, म्हणजे मालक, सरकार. शौतिएनचा आजोबा त्याच्या शेतावर नांगर धरायचा आणि वर्षभर त्याला लाओ-येच म्हणायचा. पण नववर्षाच्या सकाळी लाओ-ये रेशमी झगा घालून नांगऱ्याच्या झोपडीत यायचा, मातीवर गुडघे टेकायचा आणि त्याला 'ये' म्हणायचा. ये म्हणजे आजोबा. शब्द तोच, लावाल तसा. नांगऱ्या त्या सकाळी मागच्या दाराने पळायला बघायचा, म्हणे. बायको त्याचा सदरा धरून बसवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा नांगर होताच.

शौतिएनला पळता यायचं नाही. मला आठवतं, आम्ही सहा-सात वर्षांचे असू. तेव्हा गुडघे टेकण्यावर सरकारची बंदी होती, जुनी खोड म्हणून. लोक दार लावून टेकायचे. माझ्या वडिलांनी मला नववर्षाला त्यांच्या घरी नेलं. शौतिएन खालून जाळ घातलेल्या विटांच्या ओट्यावर मधोमध बसलेला, नाक वाहतंय, हातात शेंगदाण्यांची वाटी. त्याची आई शेजारी उभी. माझे वडील खाली वाकले, कपाळ टेकलं, म्हणाले, "काका, नवं वर्ष सुखाचं जावो." मी उभाच. वडिलांनी माझी मान धरून खाली दाबली.

"आजोबा म्हण."

"हा? हा तर काल नाल्यात पडला होता!"

"आजोबा म्हण म्हणतो ना!"

मी म्हटलं. शौतिएनने मला एक शेंगदाणा दिला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. हात मांडीवर, नजर आमच्या डोक्यांच्या वरून समोरच्या भिंतीवर. तसं बसायला त्याला आईने शिकवलं असावं. पुढे आयुष्यभर तो लग्नाकार्यात तसाच बसला.

शाळेत एकदा मी त्याला बुकलून काढला. खोडरबरावरून. संध्याकाळी वडिलांनी मला त्याच्या घरापर्यंत कान धरून नेलं. "आजोबांवर हात टाकतोस? आजोबांवर?" शौतिएन दारात उभा होता, ओठ सुजलेला. तो म्हणाला, "राहू द्या, खेळत होतो." त्याला वाईट माझ्यासाठी वाटलं नव्हतं. उद्या आपल्याशी कोण खेळणार, ही त्याची काळजी होती. आणि तसंच झालं. पोरं त्याच्याशी जपून वागायला लागली. लगोरीत त्याला कोणी बाद करेना.

मोठा झाल्यावर कार्यात मानाची जागा त्याची. दाराकडे तोंड, माशाचं डोकं त्याच्याकडे वळवलेलं. त्याने जेवायच्या काड्या उचलल्याशिवाय कोणी घास घेणार नाही. तो मुळात अबोल. समोर वाफाळतं अन्न, आजूबाजूला पांढऱ्या दाढ्या, आणि हा विशीतला पोरगा कानाच्या पाळ्या लाल करून बसलेला. कोणी गेलं, कोणाच्या हद्दीवरून भांडण झालं, की विचारायचं त्याला. तो म्हणायचा, "रीत आहे तसं करा." कधी दुसरं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही.

डोंगरापलीकडच्या छुई लोकांच्या गावातली फेंगचिन त्याची बायको. ती मात्र हसरी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेली तर तिच्या आईच्या वयाच्या बाया बादल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. "आजी, आधी तुम्ही भरा." बावीस वर्षांची पोर ती. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, बादली विहिरीत पडली. "मला आजी म्हणाल तर मी पाणीच भरणार नाही," म्हणाली. तरी म्हणायच्याच. हळूहळू तिलाही सवय झाली.

त्यांना एक मुलगा झाला, छुनशेंग. एकच, तेव्हा सरकारची एकालाच परवानगी होती. पाळण्यात असल्यापासून तो माझा काका. त्याला या सगळ्याची मोठी मजा वाटायची. बाप जितका अवघडायचा तितका हा मोकळा. आमचा छांगफू साठीचा, तिरसट, तोंडाचा फाटका माणूस, तोही याच्यापुढे हसायचा.

"काका, कधी आलात शहरातून?" छांगफू रस्त्यात थांबून विचारायचा.

"आत्ताच. पुतण्या, एक सिगारेट काढ."

"तुमचं वय काय, सिगारेट काय!"

"काकाला वय विचारतोस? मोठ्यांशी बोलायची ही पद्धत झाली?"

छांगफू शिव्या पुटपुटत सिगारेट काढून द्यायचा, पेटवूनही द्यायचा. छुनशेंग एक झुरका मारून खोकायचा आणि उरलेली त्यालाच परत द्यायचा.

यानताई शहरात कोळंबी गोठवायच्या कारखान्यात तो कामाला होता. सफरचंदांच्या तोडणीला मात्र दर वर्षी यायचा. त्या शरदातही आला. एकोणीस वर्षांचा होता. आमच्या सगळ्यांच्या बागा डोंगराच्या उतारावर, आणि पेट्या खाली आणायला तीनचाकी. शौतिएन आणि फेंगचिन वर झाडांवर, मी शेजारच्या माझ्या बागेत, छुनशेंग पेट्या घेऊन खाली-वर. दुपारच्या खेपेला पाझर तलावाच्या वरच्या वळणावर गाडीने ब्रेक धरला नाही. गाडी उलटली. तो खाली सापडला. छांगफूच्या सुनेने बघितलं. लोक धावले तोवर सगळं झालं होतं.

सांगायला छांगफूच वर आला. धापा टाकत आधी माझ्याकडे. नुसता हात खाली दाखवत होता. मग बोलला. आम्ही दोघं मिळून शौतिएनच्या बागेत गेलो. फेंगचिन तेव्हा जेवणाचे डबे धुवायला ओढ्यावर गेली होती. शौतिएन शिडीवर होता. एकेक फळ तळहातावर घ्यायचं, हलकंसं पिळायचं, देठासकट काढायचं, पोटावरच्या थैलीत ठेवायचं.

"आजोबा," छांगफू खालून म्हणाला, "खाली या."

"काय झालं?"

छांगफू माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं. वळण, गाडी, छुनशेंगकाका. गेला, असं मी सरळ म्हणालो, कारण दुसरं कसं म्हणायचं मला सुचलं नाही.

शौतिएनने हातातलं फळ थैलीत ठेवलं. पुढच्या फळाला हात घातला. ते काढलं. मग पुढचं.

"आजोबा, ऐकलंत ना?"

"ऐकलं," तो म्हणाला. "ही फांदी संपवतो."

आम्ही खाली उभे राहिलो. दुसरा कोणी असता तर मी शिडीवर चढून त्याला कमरेला धरून उतरवलं असतं, दोन थोबाडीत मारून रडायला लावलं असतं. पण आजोबांना कोण हात लावणार? आम्ही शाळेतली पोरं उभी राहतात तसे उभे. त्याने फांदी संपवली. एकही फळ पाडलं नाही, एकाचाही देठ तुटला नाही. मग उतरला, थैली पेटीत रिकामी केली, वरची फळं सारखी केली आणि म्हणाला, "चला."

ओढ्यावर फेंगचिन दिसली. तिला त्यानेच सांगितलं. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. ती मटकन खाली बसली. तो तिच्या बाजूला उभा राहिला, हात शरीराला चिकटलेले.

आमच्याकडे बाहेर मेलेल्याला गावात आणत नाहीत. मळणीच्या खळ्यावर ताडपत्री टाकली, तिथे त्याला ठेवलं. शौतिएन एकदा येऊन बघून गेला. चादर वर केली, पुन्हा खाली केली, कोपरे नीट खोचले. घरी जाऊन ओट्यावर बसला. लहानपणी बसायचा तसाच, हात मांडीवर, नजर भिंतीवर.

संध्याकाळी वेनचांगदादा आला. पासष्टीच्या पुढचा, गावातलं कोणाचंही मर्तिक त्याच्या हातून व्हायचं. नाकासमोर चालणारा, रीतीचा पक्का माणूस. मीही होतो, छांगफू होता, चारदोन जण दाराशी. फेंगचिन चुलीपाशी खाली बसलेली, भिंतीला डोकं टेकवून. चूल विझलेली.

गावात मयत झालं की घरच्यांनी सगळ्यात वडीलधाऱ्याला विचारायचं, अशी पद्धत. वेनचांगदादा ओट्यासमोर उभा राहिला.

"आजोबा," तो म्हणाला, "काकांचं कसं करायचं?"

"रीत आहे तसं करा," शौतिएन म्हणाला.

रीत सगळ्यांना माहीत होती. लग्न न झालेला पोरगा गेला तर त्याला पितरांच्या जागेत पुरत नाहीत. वाजंत्री नाही. आईबापांनी मागे जायचं नाही, मोठ्यांनी लहानाला वाटेला लावायचं नसतं. मागे पांढरं नेसून चालायला मुलं लागतात, त्याला कुठली? चार जणांनी लवकर नेऊन गाडायचं, आवाज न करता, आणि विसरायचं.

"मग बागेच्या टोकाला," वेनचांगदादा म्हणाला.

"बरं."

"जाळून अस्थींची पेटी उद्या दुपारपर्यंत येईल. संध्याकाळच्या आत पुरून उरकू."

"बरं."

चुलीपाशी फेंगचिन बोलली. दिवसभरात पहिल्यांदा. "मागे कोणी नाही चालणार?"

छांगफू दाराकडे सरकला.

"कुत्रं गाडल्यासारखं?" तिचा आवाज चढला नव्हता. सकाळी डाळ संपली म्हणून सांगावं तसा होता. "तुम्ही सगळे येता-जाता त्याला काका म्हणायचात. पाळण्यातल्या पोराला. मला हसू यायचं. सगळा गाव त्याला काका म्हणतो आणि मागे चालायला एक माणूस नाही?"

वेनचांगदादाने मान खाली घातली. शौतिएन म्हणाला, "रीत आहे ती." हे म्हणताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. कोणाकडेच बघितलं नाही.

बाहेर आल्यावर छांगफू थुंकला. "रीत," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अस्थींची पेटी आली. खळ्यावर एक स्टूल, त्यावर पेटी, पेटीवर छुनशेंगचा कारखान्यातला फोटो. निळी टोपी घातलेला. आम्ही सात-आठ जण होतो. वेनचांगदादाची वाट बघत होतो, त्याच्याशिवाय उचलायचं कसं? तो वळणावरून येताना दिसला. कोणालाच आधी कळलं नाही काय वेगळं आहे. मग दिसलं. कमरेला तागाची दोरी, अंगात पांढरा अंगरखा, डोक्याला पांढरा पटका. वडिलांच्या मागे मुलगा चालतो, चुलत्यामागे पुतण्या चालतो, तो वेष.

छांगफू पुढे झाला. "दादा, हे काय?"

"काय म्हणजे?"

"पोरासाठी पांढरं? या वयात?"

"कोण पोर?" वेनचांगदादा थांबला. "हा माझा काका. माझ्या बापाचा भाऊ लागतो. काकाच्या मागे पुतण्याने पांढरं नेसून चालायचं. रीत मोडते कुठे, दाखव मला."

"पण गुडघे टेकणार? म्हातारा माणूस लहानापुढे वाकला की लहानाचं आयुष्य घटतं."

"त्याचं आता आणखी काय घटायचं आहे?"

छांगफू बाजूला झाला. वेनचांगदादा पेटीपुढे आला. गुडघे त्याचे पार गेलेले. एका हाताने स्टुलाचा पाय धरून आधी एक टेकवला, मग दुसरा. कपाळ खळ्याच्या मातीला लावलं. तीनदा. मग तिथेच बसून त्याने गळा काढला. "काका! अहो काका! कुठे निघालात काका!" कोणाचाही म्हातारा गेल्यावर रडतात तसं, सूर लावून. पण चौथ्या-पाचव्या हाकेला सूर तुटला आणि नुसता आवाज राहिला.

छांगफू कधी गेला मी बघितलं नाही. परत आला तेव्हा त्याच्या डोक्याला पलंगावरच्या चादरीची पांढरी पट्टी होती, फाडलेली, दोरे लोंबत होते. त्याच्यामागे त्याचा थोरला भाऊ, तोही तसाच. मग घराघरांतून यायला लागले. साठीचे, सत्तरीचे, जे जे पुतणे लागत होते ते. आमच्या खालच्या पिढीतले तर त्याचे नातूच, तेही आले, त्यांतले काही पन्नाशीचे. बाया बागेतून हातातलं टाकून आल्या. मीही घरी जायला वळलो, पांढरं आणायला. वेनचांगदादाने मला हाक मारली.

"दाछुआन, तू नको. तू आजोबांपाशी बस. घरात एकटे आहेत."

म्हणून मी ती अंत्ययात्रा बघितली नाही. नंतर लोकांनी सांगितलं, की खळ्यापासून बागेपर्यंत म्हाताऱ्यांची रांग होती, निम्मे काठ्या टेकत होते. आईने मागे जायचं नसतं, म्हणून फेंगचिन खळ्याच्या कडेला बायांच्या मध्ये बसून रांग बघत होती. रांगेतल्या एकेकाचं नाव घेत होती, म्हणतात.

मी शौतिएनच्या घरात गेलो तर तो तसाच बसलेला. समोर भाताचा वाडगा, कोणी ठेवलेला, गार झालेला. मी ओट्याच्या कडेला टेकलो. काय बोलावं? पोरगा गेलेल्या माणसाशी बोलायला शब्द असतात, मी वापरलेले आहेत. खांद्यावर हात ठेवायचा, 'अरे बाबा, असं करू नकोस' म्हणायचं. आजोबांशी बोलायचे शब्द वेगळे. 'प्रकृतीला जपा.' 'थंडी पडली आहे.' मी म्हणालो, "थंडी पडली आहे."

"हो," तो म्हणाला.

मग आवाज ऐकू यायला लागला. आधी लांब, मग गावाच्या खालच्या रस्त्यावर. काका, काका. अनेक गळ्यांतून, घोगरे, फाटके.

"कोण गेलं?" शौतिएनने विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटलं असावं, की आणखी कोणी म्हातारा गेला.

"छुनशेंगकाका," मी म्हणालो. "वेनचांगदादा पांढरं नेसलाय. छांगफूही. सगळेच चाललेत."

तो ऐकत राहिला. आवाज वळणाला लागला, चढाला लागला, मंदावला.

"वेनचांगचे गुडघे दुखतात," तो म्हणाला. एवढंच. हात मांडीवरचे हलले नाहीत. मी वाट बघत होतो, आता फुटेल, आता फुटेल. तो फुटला नाही. बोटांच्या चिरांत सफरचंदाच्या पानांचा हिरवा डाग होता, कालचा, धुतलेला नव्हता.

दार ढकलून एक म्हातारी आत आली. फेंगचिनची आई, छुई आजी. डोंगरापलीकडून चालत आलेली, बूट चिखलाने भरलेले, हातात फडक्यात बांधलेला डबा. मला तिने बघितलंच नाही. सरळ ओट्यापाशी गेली.

"शुआनझू," ती म्हणाली.

मला आधी कळेना कोणाला म्हणते. मग लक्षात आलं, हे त्याचं लहानपणचं नाव. त्याची आई हाक मारायची त्या नावाने. आई गेल्यापासून ते नाव घेईल असं गावात कोणी नव्हतं, आम्ही सगळे त्याच्या खालचे. सासूला मात्र तो जावई, बस्स. तिच्या गावात लुआनांच्या पायऱ्या कोण मोजतं?

"शुआनझू, पायांत बूट घालून ओट्यावर बसलास? काढ ते."

त्याने खाली बघितलं. पायांत खरंच बूट होते, बागेतले. कालपासून. तो काढायला वाकला, पण गाठ सुटेना. बोटं नुसती गाठीवर फिरत राहिली. छुई आजी खाली बसली आणि तिने गाठ सोडली, एक बूट, मग दुसरा. मोजे ओले होते, तेही काढले. पाय आपल्या अंगरख्याच्या टोकाने पुसले.

"वर घे. आत सरक. कधीचा जेवला नाहीस?"

"आठवत नाही."

"तोंड उघड."

डब्यात भाकरीचे तुकडे घातलेली गरम भाजीची आमटी होती. तिने चमच्याने त्याच्या तोंडात घातली. तो गिळायचा, ती पुढचा चमचा धरायची. मी उठून बाहेर जायला हवं होतं, पण उठवेना. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, गावाचा आजोबा, चिमणीच्या पिल्लासारखा तोंड उघडत होता. मध्येच त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चेहरा तसाच, ओठ तसेच, घास तसाच चालू. नुसतं पाणी. छुई आजीने ते चमच्याच्या टोकाने निपटलं, बाळाच्या हनुवटीवरची लापशी निपटतात तसं, आणि पुढचा घास दिला.

"रड," ती म्हणाली.

"येत नाही, आई."

"बरं. मग जेव."

त्याने सगळा डबा संपवला.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. उरलेली सफरचंदं आम्ही सगळ्यांनी मिळून तोडली. नववर्षाला कोणी त्यांच्याकडे गेलं नाही, मयताच्या घरी त्या वर्षी जात नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी लोक गेले तर दाराला कुलूप. दोघंही यानताईला निघून गेली होती. वेनचांगदादा कुलपाकडे बघून म्हणाला, "बरं केलं." तो उंबऱ्यासमोर तसाच वाकला, कपाळ दाराला लावलं, आणि घरी गेला.

लुआनांची ती वरची पायरी शौतिएनपाशी संपली. त्याच्यानंतर त्या पिढीत कोणी नाही, माझ्या वडिलांच्या पिढीतही कोणी उरलं नाही. आता वेनचांगदादाच गावात वडीलधारा. मानाच्या जागी बसताना कुरकुरतो.

मी एकदा यानताईला गेलो होतो, मुलीच्या प्रवेशाच्या कामाला. पत्ता शोधत गेलो. बर्फखान्यात तो मासे उतरवायचं काम करतो, फेंगचिन शेजारच्या खाणावळीत भांडी घासते. एका खोलीत राहतात. फाटकावरच्या रखवालदाराला मी विचारलं, "लुआन शौतिएन इथे काम करतात का?" तो आत तोंड करून ओरडला, "ए लाओ लुआन! कोणीतरी आलंय रे!" इथे लाओ म्हणजे नुसतं 'म्हाताऱ्या'. गावात असं कोणी ओरडलं असतं तर छांगफूने त्याचा कान उपटला असता. शौतिएन रबरी बूट घालून बाहेर आला. केस बरेच पिकलेले. हातावर माशांचे खवले.

"आजोबा," मी म्हणालो.

रखवालदाराने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि हसायला लागला. "हा तुझा आजोबा? मग तू माझा पणतू का रे?"

"गावाकडचा आहे," शौतिएन त्याला म्हणाला.

फेंगचिनने शेवया केल्या, वर अंडं घातलं. ती मला गावातल्या बायांबद्दल विचारत होती, कोणाची सून कशी, कोणाच्या घरी भांडणं. एकदोनदा हसलीही. छुनशेंगचा विषय निघाला नाही. भिंतीवर त्याचा फोटो नव्हता. असला तर पेटीत असेल. मी शौतिएनला विचारलं, काम जड आहे का. म्हणाला, थंडीने हात बधिर होतात, पण मग दुखत नाहीत, त्यामुळे बरं. झोप येते का? येते. गावाला येणार का? बघू.

स्टँडवर सोडायला तो आला. गर्दी होती. त्याने मला दोन वाफाळत्या पावांची पुडी घेऊन दिली, वाटेत खा म्हणाला. मी खिडकीजवळ बसलो, पुडी मांडीवर, आणि काच पुसून बाहेर बघितलं. तो फलाटावर उभा राहून हात हलवत होता, हळू हळू, नीट. पण शेजारच्या बसकडे तोंड करून. ती बस सुटली. त्याचा हात हलतच राहिला. मी काचेवर टकटक केली, दोनतीनदा, नाव घेऊन हाक मारावीशी वाटली, पण तोंडातून 'आजोबा' हेच आलं आणि काचेच्या आतच राहिलं. मग आमचीही बस निघाली.